दोन दोऱ्या

तिसरा लंगोट नळाखाली धरला, पिळला, बादलीत टाकला आणि चौथा हातात घेतला, तेवढ्यात आत आईचं घोरणं थांबलं. मी नळ बंद करून तशीच उकिडवी बसून राहिले. बाळंतपणाचा सहावा दिवस. डोक्याला रुमाल, कानात कापूस, पायात मोजे आणि गार पाण्याला बोट लावायचं नाही अशी सक्त ताकीद. असं असताना मी भर दुपारी तीन वाजता मागच्या अंगणात नळावर बसले होते. थोड्या वेळानं घोरणं परत सुरू झालं. मी चौथा लंगोटही भिजवला.

कोरडे, स्वच्छ, आईनं सकाळीच घडी घालून ठेवलेले लंगोट होते ते. माझ्या मुलीचे. ओल्या कपड्यांच्या बादलीत ते तळाशी सरकवले, वर तिनं खरोखर ओला केलेला एक ठेवला आणि हात पदराला पुसत आत येऊन खाटेवर पडले. मुलगी झोपली होती. ती सारखी झोपलेलीच असायची.

हे मी का केलं ते सांगायचं तर चारूपासून सुरुवात करायला हवी.

चारुलता माझी धाकटी बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. माझे फ्रॉक तिनं घातले, माझी कंपासपेटी तिनं वापरली, आणि शाळेत बाईंनी तिला पहिल्याच दिवशी विचारलं, "वसुधाची बहीण ना तू? मग गणित चांगलंच असणार." गणित तिचं यथातथाच होतं. मी पुढं आणि ती मागं, हे आमच्या घरात कुणी ठरवलेलं नव्हतं, पण तसंच चालत आलेलं होतं. मला त्यात काही वावगं वाटायचं कारणच नव्हतं. पुढं असणाऱ्याला कुठं काय वावगं वाटतं!

मग माझं लग्न झालं आणि सात वर्षं पाळणा हलला नाही. चारूचं लग्न झालं आणि चौदाव्या महिन्यात तिचं पत्र आलं. त्याच आठवड्यात माझीही चाचणी खरी निघाली. सात वर्षं ज्या बातमीची वाट बघितली ती सांगायला मी तासगावला फोन केला. वडील, म्हणजे आमचे तात्या, पोस्टमास्तर, म्हणून घरी फोन होता. आईनं उचलला. मी सांगितलं. आई आनंदानं ओरडली, "अगं बाई! तूपण?"

तो 'पण' मला आजही ऐकू येतो.

पेढे एकदमच वाटले गेले. ओटीभरण एकदमच झालं. पहिलं बाळंतपण माहेरी, या न्यायानं दोघी एकदमच तासगावला आलो. चारूला मुलगा झाला, त्यानंतर तेरा दिवसांनी मला मुलगी. दोघांचं बारसंसुद्धा एकदमच करू, म्हणजे खर्च आणि दगदग वाचेल, असं आईनं परस्पर ठरवून टाकलं. मी 'बरं' म्हणाले.

घरात बाळंतिणीला द्यावी अशी खोली एकच. आईनं तिच्या जुन्या जांभळ्या साडीचा पडदा मधोमध बांधला. खिडकीकडची बाजू चारूची, दाराकडची माझी. आईचं असं पक्कं मत होतं, की दोन ओल्या बाळंतिणींनी एकमेकींना बघायचं नाही, एकीचं दूध दुसरी ओढते. मी शाळेत विज्ञान शिकवत होते. आईला म्हणाले, "काय गं आई, दूध म्हणजे काय विहिरीचं पाणी आहे?" आई म्हणाली, "हसू नको. बारसं होईपर्यंत पडदा राहील." मी हसत हसत खाटेवर बसले. तिसऱ्या दिवशी मी त्या पडद्याकडं बघून मनात म्हणत होते, ही ओढतेय. ही माझं ओढतेय.

कारण पडद्यापलीकडून आवाज यायचा.

चारूचा मुलगा प्यायला लागला की गुट, गुट, गुट. सगळ्या खोलीत ऐकू जाईल असा घोटाघोटानं पिण्याचा आवाज. मधेच ठसका. मग चारूचं लाडीक, "हळू रे राजा, कुठं पळून जाणार आहे का?" माझी मुलगी अंगावर असायची तेव्हा नुसतं चट, चट, चट. पाच मिनिटं चटचट करायची आणि तोंडात घेऊनच झोपी जायची. आई घड्याळ बघून सांगायची, "झालं पोट. आता दुसऱ्या बाजूला घे." मला दुखायचं इतकं की दात आवळून धरायची. माझं अंग भरून दगडासारखं झालं होतं, तरी बाळाच्या तोंडात काही जात असेल असं मला वाटायचं नाही. अळिवाचे लाडू, शतावरीचं दूध, खसखशीची खीर, सगळं दोघींना सारखं मिळत होतं. चारूला त्याचं दूध होत होतं आणि मला नुसती ढेकर येत होती.

चारूला इतकं यायचं, की दिवसाला तीन पोलकी बदलायची. मुलगा पिऊन सुस्त झाला तरी उरायचं. ते ती वाटीत पिळून काढायची आणि आई ती वाटी अंगणात नेऊन कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतायची. ते दूध कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून झाडाला. आई वाटी घेऊन माझ्या खाटेसमोरून जायची. मला कढीपत्त्याचा हेवा वाटायचा. खोटं नाही सांगत, झाडाचा हेवा वाटायचा.

आता लंगोटांचं. दोन्ही बाळांचे लंगोट आईनं स्वतः शिवले होते, जुन्या मऊ धोतरांचे. चारूच्या मुलाच्या लंगोटांना कडेनं लाल दोरा, माझ्या मुलीच्यांना हिरवा. अंगणात दोन दोऱ्या बांधल्या होत्या. कढीपत्त्यापासून खिडकीच्या गजापर्यंतची चारूची, कढीपत्त्यापासून न्हाणीच्या खुंटीपर्यंतची माझी. घरी सोडताना आमच्या डॉक्टरीणबाईंनी आईला बजावलं होतं, "दूध पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरवू नका. पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा-सात लंगोट ओले झाले पाहिजेत. ते मोजा." आईला ही गोष्ट फार पटली. रोज सकाळी कपडे दोऱ्यांवर पडले, की ती अंगणात उभी राहून मोठ्यानं मोजायची.

"चारूचे अकरा!" मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "वसूचे तीन."

त्या तीन म्हणण्याच्या आधीचं ते थांबणं मला सहन होत नसे.

त्यातच मंगळवारी सकाळी माझ्या सासूबाईंचं पत्र आलं. बारशाला येते, बाळंतविडा तयार आहे, आणि शेवटी, 'दूध पुरते का? नसल्यास संकोच करू नये. सात वर्षांनी झाले आहे, अंगात राहिले नसेल. दुधाचा डबा घेऊन येते.' आईनं पत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "उद्याही तीनच झाले, तर वरचं सुरू करावं म्हणते मी. डॉक्टरीणबाईंना विचारते."

पडद्यापलीकडं गुट, गुट चालू होतं.

त्याच दुपारी मी नळावर गेले ती अशी.

बुधवारी सकाळी आईनं मोजलं. "चारूचे दहा. वसूचे... आठ! अगं वसू, आठ!" ती आत येऊन माझ्या गालावरून हात फिरवून गेली. वरच्या दुधाचा विषय बंद झाला. गुरुवारी मी अंमळ जास्तच केलं. चारूचे नऊ, माझे दहा.

"ऐकलंस का गं चारू?" मी पडद्याकडं तोंड करून म्हणाले. "आज तुझ्या पुढं गेली माझी लेक."

पलीकडून लगेच उत्तर आलं नाही. मग चारू म्हणाली, "वा, आक्का."

ती चिडली असणार, असं वाटून मला इतकं बरं वाटलं की दोन लाडू जास्त खाल्ले. शिवाय तिचा मुलगा रडका होता. पोट गच्च भरून घ्यायचा आणि मग वारा धरून केकाटायचा. माझी मुलगी मात्र शांत. जो येई तो म्हणे, काय गुणी पोर आहे, घरात बाळ आहे असं वाटत नाही. "कुणाची आहे!" मी म्हणायचे. चार चार तास ती उठायची नाही आणि मी तिला उठवायची नाही. बुधवारी तिच्या लंगोटावर विटकरी रंगाचा डाग दिसला, तेव्हा मी म्हटलं, आईच्या हाताचं कुंकू लागलं असेल. मला काही कळत नव्हतं, असं म्हणून मी पुढं कधी सुटायला बघितलं नाही. बघायचंच नाही असं ठरवलं, की पुष्कळ गोष्टी कळत नाहीत.

शुक्रवारी हौसाक्का परत आली. आम्हा दोघींना आणि बाळांना न्हाऊमाखू घालायला, लंगोट धुवायला ती यायची. आमच्या जन्माच्या वेळीही तीच होती. बुधवार-गुरुवार ती माहेरच्या जत्रेला गेली होती आणि बदली सून आली होती. सुनेनं दोन दिवस बादलीतलं निमूट धुऊन वाळत टाकलं. हौसाक्का मात्र अंगणातून ओला लंगोट हातात घेऊनच आत आली. आई तेव्हा देवळात गेली होती.

"ह्यो कुनी टाकला बादलीत?"

"मी. का?"

तिनं लंगोट नाकाशी नेला. "वास न्हाई ह्येला."

"इतक्या लहान बाळाच्या शूला कुठला आलाय वास," मी शाळेतल्या आवाजात म्हणाले.

"चाळीस वर्सं लेकरांचं लंगोट धुत आले मी, मला सांगू नगं. ह्ये निस्तं नळाचं पानी हाय. असलं सात घावलं मला."

ती माझ्या खाटेशी बसली आणि मुलीला दुपट्यातून सोडवून मांडीवर घेतलं. घेतल्याबरोबर तिचा हात वरच्या वर थांबला. "हलकं लागतंय गं." तिनं मुलीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच बसली नाही, घडी तशीच राहिली. तिनं बोट मुलीच्या तोंडात घातलं. मग तळव्यावर टिचकी मारली. मुलीनं कपाळाला आठी घातली आणि डोळे न उघडता परत पडून राहिली.

"चार-चार तास झोपते," मी म्हणाले. "गुणी आहे."

"गुनी न्हाई बाय, दमलंय ते. वढून वढून दमलंय. रडाय बी ताकद लागते." तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "खरं किती हुत्यात?"

"तीन," मी म्हणाले. "काल दोनच."

तिनं माझ्या छातीला हात लावला आणि मी कळवळले. "दूध न्हाई कोन म्हनतंय? दगड झालाय की. दूध हाय, त्येच्या तोंडात जात न्हाई. पर आता ह्येच्यात वढायचं बळ ऱ्हायलं न्हाई. पडद्याच्या पल्याड हाय तिचं आपसूक गळतंय. चार घोट पोटात जाऊं देत, हुशारी आली की मग तुझ्याकडं घेऊ. आन् सांजच्याला डाक्टरनीकडं न्यायचं. सार पडदा."

"नको," मी म्हणाले.

मुलगी समोर चोळामोळा होऊन पडलेली, आणि मी नको म्हणाले. विचार करून नाही. तोंडातून तेच आलं.

हौसाक्का रागावली नाही. तिनं मुलीला उचलून माझ्या मांडीत ठेवलं. "मग तूच सांग तिला. मावशीचं नगं म्हनून सांग."

मी खाली बघितलं. मुलीचे ओठ सुकून त्यावर पापुद्रा आला होता. नऊ दिवसांत मी तिच्याकडं इतकं नीट बघितलंच नव्हतं. माझी नजर सारखी दोरीवर होती. मी उठले, तिला छातीशी धरलं आणि दुसऱ्या हातानं जांभळा पडदा बाजूला केला.

चारू खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. केसांच्या जटा, डोळ्यांखाली काळं, पोलकं चिंब. मला वाटत होतं पलीकडं कुणी राणी बसली असेल. तिनं पोलक्याची बटणं आधीच सोडलेली होती. सगळं ऐकलं होतं तिनं.

"चारू, हिला जरा..."

"आण," ती म्हणाली, आणि हात पुढं केले.

पहिल्यांदा दूध मुलीच्या तोंडाच्या कडेनं ओघळून गळ्याखाली गेलं. हौसाक्कानं तिच्या हनुवटीखाली बोटानं चोळलं, पाठीवर थोपटलं. परत ओघळलं. आम्ही तिघी श्वास रोखून बघत होतो. आणि मग तिच्या गळ्यातून आवाज आला. गुट. बराच वेळ काही नाही. मग परत, गुट. गुट.

नऊ दिवस मी ज्या आवाजासाठी जीव टाकत होते, तो माझ्या मुलीनं पहिल्यांदा काढला, आणि काढला तो चारूच्या मांडीवर. मला रडू फुटलं. आनंदानं फुटलं, आणि त्याच वेळी चारूच्या मांडीवरून तिला हिसकावून घ्यावं असंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

चारू मान खाली घालून मुलीकडंच बघत होती. तशीच म्हणाली, "आक्का, मला मंगळवारपासून माहीत आहे."

"काय?"

"नळ. खिडकी माझ्या बाजूला आहे की. दिसतं सगळं."

मला आधी नुसती लाज वाटली. मग त्या बोलण्याचा अर्थ डोक्यात शिरला. "मंगळवारपासून? आणि तू बोलली नाहीस?"

"पहिल्या दिवशी वाटलं, काहीतरी धूत असशील. बुधवारी आईनं आठ मोजले, तेव्हा कळलं." मुलगी घोट घेत होती. "सांगणार होते. रोज म्हणायची, आज सांगते."

"मग?"

"बरं वाटलं गं मला."

"काय बरं वाटलं?"

तिनं वर बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज सरळ होता. "तू पहिल्यांदा माझ्या मागं होतीस. म्हटलं, आणखी एक दिवस राहू दे."

मी तिच्या थोबाडीत मारली असती. खरंच मारली असती, पण तिच्या हातावर माझ्या मुलीचं डोकं होतं. आणि 'आणखी एक दिवस' हे मला परकं नव्हतं. रोज दुपारी नळावर बसताना मीही स्वतःशी तेच म्हणत होते.

"भांडान मागनं करा," हौसाक्का म्हणाली. "पोरगी पितीया. पिऊ द्या."

थोड्या वेळानं मुलीनं डोळे उघडले आणि घसा साफ करून ती रडली. घरात बाळ आहे असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. हौसाक्कानं तिला चारूकडून घेतलं आणि माझ्याकडं दिलं. "आता तू."

मी नेहमीसारखी दोन बोटांत धरून तिच्या तोंडात द्यायला गेले, तशी हौसाक्कानं माझ्या मनगटावर चापट मारली. "बोटं काढ ती!"

"आई म्हणते, नाही धरलं तर बाळाचं नाक दाबतं."

"नाक दाबलं तर तीच तोंड सोडंल, येडी हाय का ती? तू कात्रीत धरलंयस दूध. हिकडनं वाट बंद आन् तिकडनं पोरगी वढतीया. टोकाला धरून चोखती निस्ती. चोखनं येगळं, पिनं येगळं."

"आणि आक्का," चारू म्हणाली, "तू तिच्यावर वाकू नकोस. टेकून बस आणि तिला वर आण. तिचं पोट तुझ्या पोटाला लागू दे. तिनं मोठ्ठा आ केला की मगच जवळ घे."

आयुष्यात पहिल्यांदा चारू मला काही शिकवत होती. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी ऐकलं नसतं. मी टेकून बसले, मुलीला वर आणलं, तिनं आ केला तसं जवळ घेतलं. नेहमीसारखी कळ आली नाही. तिनं ओढलं. ओढलं. ओढलं. तिची हनुवटी खाली गेली, क्षणभर थांबली.

गुट.

"आला," चारू म्हणाली.

संध्याकाळी आई, मी आणि मुलगी डॉक्टरीणबाईंकडं गेलो. काटा तेवीसशेवर थांबला. जन्माला सव्वीसशे होती. डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. "किती लंगोट होतात?"

"दहा," आई म्हणाली. "काल दहा झाले, परवा आठ. मी स्वतः मोजलेत हो."

"दहा होतात आणि वजन तीनशेनं उतरलंय?" बाई खुर्चीवरून उठल्या. "मग हे दुसरंच काहीतरी आहे. रक्त तपासावं लागेल. मी चिठ्ठी देते, आजच मिरजेला न्या."

त्यांनी पेन उचललं. आईनं माझा दंड धरला होता. मला गप्प बसता आलं असतं. मुलीच्या टाचेत सुया गेल्या असत्या आणि माझी अब्रू राहिली असती.

"तीन," मी म्हणाले. "बाकीचे मी भिजवले."

आईनं माझ्या दंडावरचा हात काढला नाही, पण तो सैल झाला. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि मला विचारून विचारून सगळं काढून घेतलं, हौसाक्काचं, चारूचं, बोटांचं. मुलीला परत तपासलं. मला पाजायला लावून समोर बसून बघितलं. मग म्हणाल्या, "लंगोट मोजायला सांगितले ते बाळाचं पोट कळायला. तुमची पत कळायला नाही. दर दोन तासांनी उठवून पाजायचं, झोपली असली तरी. बहिणीचं दूध वाटी-चमच्यानं तीन दिवस वर द्या. रोज वजनाला आणा. उद्या वाढलेलं दिसलं नाही, तर मात्र मिरज."

रिक्षात आई एकच वाक्य बोलली. "मी मोजताना इतकं मोठ्यानं मोजायला नको होतं."

घरी आल्यावर तिनं स्टुलावर चढून जांभळा पडदा काढला. बारशाची वाट बघितली नाही.

तीन दिवस चारूची वाटी कढीपत्त्याकडं गेली नाही. दुसऱ्या दिवशी काटा तीस ग्रॅम पुढं सरकला आणि चिठ्ठी लिहावी लागली नाही. सासूबाई बारशाला डबा घेऊनच आल्या. आईनं तो हसत हसत ठेवून घेतला आणि आलेल्या बायकांना त्याचा चहा केला. मी आणि चारू मात्र त्या दिवसांत कामापुरतंच बोलत होतो. ती वाटी द्यायची, मी घ्यायची. आई दोऱ्यांकडं फिरकतसुद्धा नव्हती. बारशानंतर चार-पाच दिवसांनी सकाळी मी मुलीला घेऊन बसले होते. हौसाक्का कपडे वाळत घालून गेली आणि चारू खिडकीशी उभी राहिली.

"आक्का," ती पाठमोरीच म्हणाली. "सात."

मी मुलीला दुसऱ्या बाजूला घेतलं.

"ओले का भिजवलेले?"

मी तिच्याकडं बघितलं. तिचे खांदे हलत होते. ती हसतेय का रडतेय ते मागून कळत नव्हतं. मला हसू आलं, आणि एकदा आलं ते थांबेना. मुलीचं तोंड सुटलं आणि ती केकाटायला लागली. "गप गं," चारू तिला म्हणाली, "तुझी आई पहिल्यांदाच प्रामाणिकपणे सातावर आलीय."

"तुझे किती?" मी विचारलं.

"दहा."

मला परत हेवा वाटला. थोडासाच, पण वाटला.

याला तेहतीस वर्षं झाली. आई नाही, हौसाक्का नाही. त्या मुलीचं नाव आम्ही ऋजुता ठेवलं आणि ती गेल्या महिन्यात माझ्याकडं सांगलीला बाळंतपणाला आली. तिला डायपर हवे होते. मी म्हटलं, पहिला महिना लंगोटच, मग काय हवं ते कर. ती पाजताना मी शेजारच्या खुर्चीत बसून ऐकते. तिला वाटतं, आई उगीच टक लावून बसते. परवा तिनं विचारलं, "आई, मी लहान असताना कशी होते?" मी म्हणाले, "रडकी."

चारू बेळगावला असते. रोज सकाळी साडेनऊला तिचा फोन येतो. ऋजुता माझ्याशी हूं-हूं करणारी, मावशीशी मात्र अर्धा अर्धा तास खिदळत बसते, आणि ते मी स्वयंपाकघरातून ऐकते. लहानपणापासून तिचं तसंच आहे. पहिला घोट जिचा, तिचा ओढा राहणारच, असं मी मनाशी म्हणते आणि कढईत झारा जरा जोरात फिरवते.

काल फोन आला तेव्हा ऋजुता न्हाणीत होती, म्हणून मीच घेतला.

"किती?" चारूनं विचारलं. 'हॅलो' नाही, 'कशी आहेस' नाही.

"आठ."

"ओले का भिजवलेले?"

बादली समोरच होती. मी वरचा लंगोट उचलला आणि नाकाशी धरला.

"ओले," मी म्हणाले.